मधला चौकोन

ग्वाल्हेरात दाना ओलीपासून जयेंद्रगंज पायी पंधरा मिनिटांवर आहे, पण पद्मा अकरा वर्षांत तिकडे फिरकली नव्हती. तिचं बँकेतलं खातं जयेंद्रगंजात होतं, ते तिने बाड्याच्या बाजारपेठेजवळच्या शाखेत हलवलं. दातांचे चांगले डॉक्टर जयेंद्रगंजात बसायचे, म्हणून तिने एक दाढ दुखती ठेवली. तेहतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेल्या बाईला दोन बिंदूंमधलं सर्वांत लहान अंतर कोणतं ते पाठ असतं. तेवढं एक अंतर तिने आयुष्यातून वगळलं होतं.

कारण जयेंद्रगंजात मंजिरी राहायची. मंजिरी पद्माची धाकटी जाऊ, आणि मंजिरीकडे पद्माची साडी होती. निदान पद्माचं तसं म्हणणं होतं.

साडी म्हणजे चंद्रकळा. काळी, जाड सुती, लाल काठाची, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी घेतलेली. या मंडळींत काळं अंगावर येतं ते फक्त संक्रांतीला. एरवी घरात काळं म्हणजे छत्री. तर बारा वर्षांपूर्वी, दोन्ही कुटुंबं दाना ओलीत एकत्र राहत असताना, मंजिरीच्या उन्नतीने मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी काकूची ती साडी नेसायला मागितली. काकूने दिली. उन्नतीने मागितलेली वस्तू काकूने दिली नाही असं कधी झालंच नव्हतं. साडी गेली ती गेली. मंजिरी म्हणाली, "मी धुऊन, इस्त्री करून सासूबाईंच्या हातात दिली." सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "कसली साडी?" मग म्हणाल्या, "दिली असेल." मग म्हणाल्या, "तुमची जेवणं झाली का?" त्या वर्षापासून त्यांचं असंच चाललं होतं.

पद्माने वर्षभर तोंड मिटून ठेवलं. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र कोणीतरी तिच्याकडे चकलीचा सोऱ्या मागितला, आणि अत्तर लावता लावता, चाळीस बायकांसमोर, मंजिरीकडे न बघता ती म्हणाली, "नेतेस तर ने, पण जपून हो. काही लोकांच्या हातात वस्तू गेली की ती गेलीच." मंजिरीच्या हातात तेव्हा गजकाच्या तीळवड्यांचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं. तीन महिन्यांनी धाकटी पाती जयेंद्रगंजात फ्लॅट घेऊन राहायला गेली. कारण सांगितलं गेलं, की दाना ओलीत गाडी लावायला जागा नाही. ते खरंही होतं. धाकट्या दिरांनी गाडी त्यानंतर चार वर्षांनी घेतली.

भांडण असं झालंच नाही. पूर्वज दख्खनेतून आले आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दरबाराच्या दफ्तरात लेखणी चालवली. अशा घराण्यात आवाज चढवत नाहीत. माफी मागायचीही पद्धत नसते. अर्ज करायची असते, आणि अर्ज पडून राहतो.

आता उन्नतीला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण, म्हणून ती ऑक्टोबरातच भोपाळहून माहेरी, म्हणजे जयेंद्रगंजात आली होती. बारशाला पद्माने नवऱ्याला एकट्याला पाठवलं आणि स्वतःचा गुडघा पुढे केला. चार दिवसांनी उन्नतीचा फोन आला.

"काकू, संक्रांतीला बोरन्हाण आहे. येणार ना तू?"

"बघते गं. गुडघा..."

"गुडघ्याला माझा नमस्कार सांग. तो अकरा वर्षं आजारी आहे, त्याला कुणाला तरी दाखव आता."

पद्माने फोन ठेवला. या पोरीला तिने न्हाऊमाखू घातलं होतं, दहावीपर्यंत भूमिती शिकवली होती, आणि तिची मुलगी तिने अजून मोबाइलवरच पाहिली होती. पण साडी परत आल्याशिवाय त्या पायरीवर पाय ठेवणार नाही, असं ती नवऱ्याला एकदा बोलून बसली होती. भालचंद्र एजी ऑफिसातून, सरकारी हिशेबतपासणीतून, निवृत्त झाले होते. बोललेलं त्यांच्या लक्षात राहायचं.

तेव्हा तिने मधला मार्ग काढला. बाळासाठी स्वतःच्या हातांनी गोधडी शिवायची आणि भालचंद्रांच्या हाती पाठवून द्यायची. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी. बाळाला पांघरूण लागणारच. गोधडी गेली, म्हणजे आपण गेल्यासारखंच झालं. अडचण एवढीच होती, की पद्माने जन्मात गोधडी शिवली नव्हती. मशीन तिला येत होती, उशांच्या अभ्र्यांपुरती.

पलीकडच्या गल्लीत हर्षिता नावाची मुलगी वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत गोधडीचा वर्ग चालवायची. पाटीवर लिहिलं होतं 'क्विल्टिंग फॉर बिगिनर्स'. गोधडी लिहिलं असतं तर फी देऊन कोणी आलं नसतं. हर्षिता सव्वीस वर्षांची. तिच्या पूर्वजांनी पद्माच्या पूर्वजांच्या काळातच तलवारी धरल्या होत्या. आता ती शिलाई मशीन धरायची आणि मराठी वाक्य सुरू करून हिंदीत संपवायची.

पहिल्याच दिवशी पद्माने आलेखाच्या कागदावर काढलेली आकृती तिच्यापुढे ठेवली. आठ टोकांची चांदणी, चाळीस त्रिकोण.

"काकी, बहुतच सुंदर आहे," हर्षिता म्हणाली. "पण पहिल्यांदा नाही. पहले नौ चौकोर करा. तीन आडवे, तीन उभे. बस."

"ते पाचवीतल्या मुलांना देतात गं."

"हां, मग पाचवीपासूनच सुरू करू ना."

पद्माने घरी जाऊन नऊ चौकोन बरोबर तीन-तीन इंचांचे कापले, केसाचाही फरक नाही, आणि दुसऱ्या दिवशी अभिमानाने मांडले. हर्षिताने एक उचलून पट्टी लावली.

"काकी, तीन इंच? शिवण कुठे जाणार?"

"म्हणजे?"

"चारी बाजूंनी पाव-पाव इंच आत जातं ना. साडेतीन कापायचे होते."

"भूमितीत रेषेला जाडी नसते," पद्मा म्हणाली.

"कपड्यात असते," हर्षिताने ते नऊ चौकोन परत तिच्या हातात दिले. "हे पाय पुसायला ठेवा."

तेहतीस वर्षांत पद्माने पुष्कळांना शून्य दिलं होतं. शून्य घेणाऱ्याचा चेहरा आतून कसा वाटतो, ते तिला आज कळलं.

कापडाचे नियम हर्षिताने बोटांवर सांगितले. सगळं सुती हवं, एकाच पोताचं; एक जाड आणि एक झिरझिरीत शेजारी आलं की झिरझिरीत फाटतं. आधी धुऊन घ्यायचं, रंग सोडणारं घ्यायचं नाही. बाळासाठी नवं कापड तर नकोच, वापरून मऊ झालेलं बरं. पद्माची सासूही हेच सांगायची, फक्त पाटी न लावता. आणि शेवटचा नियम, की ब्लॉकमध्ये, म्हणजे नऊ चौकोनांच्या एका जोडणीत, फिकट, मध्यम आणि गडद, तिन्ही पाहिजेत.

पद्मा घरून दोन पिशव्या भरून जुन्या साड्यांचे तुकडे घेऊन आली. वरच्याच दोन चंदेरी होत्या. हर्षिताने एक हातात धरून उजेडात पाहिली आणि पलीकडची खिडकी दिसली.

"ही नाही चालणार."

"चंदेरी आहे!"

"म्हणूनच तर."

उरल्या रोजच्या सुती. हर्षिताने त्यांतून नऊ तुकडे जमिनीवर मांडले, मोबाइलने फोटो काढला आणि त्यातला रंग काढून टाकला. "रंग डोळ्यांना फसवतात, काकी. बिनारंगाचा फोटो सच बोलतो." पद्माने पाहिलं. नऊच्या नऊ चौकोन एकाच राखाडी रंगाचे होते. ब्लॉक, आकृती, रेषा, काही नाही. ताटभर पिठलं सांडल्यासारखं.

"सगळेच फिके," हर्षिता म्हणाली. "तुमच्याकडे डार्क काहीच नाही?"

पद्माने आठवून पाहिलं. अबोली, मोतिया, फिकट आमसुली, दुधी, पिस्ता. शाळेच्या स्टाफरूममध्ये तिच्या निवडीला 'सोबर' म्हणायचे, आणि तिला ते कौतुक वाटायचं. तीस-पस्तीस वर्षांची खरेदी त्या फोटोत एका रंगात मावली होती.

"मधला एक चौकोन डार्क आणा," हर्षिता म्हणाली. "भोवती हे आठ. मग बघा, तेच फिके कसे खुलतात. वीस ब्लॉक, वीस चौकोन. एवढंच पाहिजे."

एवढंच मिळेना. कपाटात एक गडद जांभळी होती, पण ती रेशमी. रेशीम चालत नाही हे पद्माला आता ठाऊक होतं, तरी तिने घडी मोडून पाहिली. ती साडी कोणाच्या तरी लग्नात नेसायची म्हणून एकवीस वर्षं राखून ठेवली होती. लग्नं होऊन गेली, पण त्या तोलाचं एकही निघालं नाही. उलगडली तशी ती घडीघडीवर चिरत गेली, आणि शेवटी पद्माच्या हातात आठ सारखे आयत उरले.

"आक्षेप नाही," वर्तमानपत्रामागून भालचंद्र म्हणाले, "पण नेसली असतीस तर टिकली असती."

"तुम्ही वाचा."

मग नियम मोडून ती बाड्यावर गेली आणि गडद निळं सुती कापड विकत घेऊन आली. दुकानदार म्हणाला होता, पक्का रंग आहे, बहनजी. बादलीत भिजवलं तर तासाभरात पाण्याची शाई झाली. दुसरं पाणी, तिसरं पाणी. सातव्या पाण्यापर्यंत शाई येतच राहिली, आणि कापड मात्र जसंच्या तसं निळं. भालचंद्रांनी बादलीत डोकावून पाहिलं.

"यात पेन भरून घेऊ का?"

"अहो, बाळाच्या अंगावर घालायचं आहे ते."

"मग मुलगी निळी होईल. आपल्याकडे देवाच्या रंगाची आहे म्हणून खपवता येईल."

पद्मा हसली नाही. संक्रांतीला अठरा दिवस उरले होते, आणि तिला सारखी ती काळी चंद्रकळाच आठवत होती. जाड, मऊ, पक्क्या रंगाची. वीस काय, दोनशे चौकोन निघाले असते तिच्यातून. आज ती असती तर! आणि ती जयेंद्रगंजात कुठल्या तरी कपाटाच्या तळाशी पडली असेल, या विचाराने तिची दाढ दुखायला लागली.

हर्षिता म्हणाली, "काकी, डार्क मिळेल, टेन्शन नका घेऊ. तोवर भरायचं बघा. मध्ये घालायला नवा कापूस नको, गुठळ्या होतात. घरात जुनी गोधडी असेल ना? तिचे आतले थर काढा. धुऊन-धुऊन एकदम नरम झालेले असतात."

जुनी गोधडी होती. सासूबाईंनी शिवलेली शेवटची. तेव्हा त्यांना माणसांची नावं दगा द्यायला लागली होती, पण टाके नाहीत. पद्माला थंडी फार वाजायची, म्हणून त्यांनी एका दिवाळीत ती तिच्या पायांवर आणून टाकली होती आणि म्हणाल्या होत्या, "घे. आत ऊब आहे." तेव्हापासून प्रत्येक हिवाळ्यात पद्मा तीच पांघरत आली. आता कडा विरल्या होत्या, वरचं लुगडं जागोजाग फाटलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर गच्चीवर धुक्यातून जेमतेम ऊन आलं, तेव्हा ती गोधडी आणि ब्लेड घेऊन बसली. पलीकडे भालचंद्र कानटोपी घालून शेंगा सोलत होते. टाके उसवायला सोपे नव्हते. सासूबाई दोरा दुहेरी घ्यायच्या. एक बाजू सुटली. वरचं लुगडं काढलं. खाली एक जुनं धोतर, ते काढलं. त्याखाली एक फिकट पातळ निघालं, ते मंजिरीचं होतं, ते थोडं जोरात ओढलं. त्याखाली काळं दिसलं.

पद्माने आधी ते नीट पाहिलंच नाही. छत्रीचं कापड असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने उरलेले टाके भराभर उसवले आणि काळं कापड ओढून बाहेर काढलं. ते निघतच राहिलं. चौपदरी घडी घालून आत शिवलेलं, जाड सुती. लाल काठ आतल्या बाजूला वळवलेला होता. काळं वरून दिसू नये, याची सासूबाईंनी काळजी घेतली होती.

"अहो," ती म्हणाली.

भालचंद्रांनी शेंग खाली ठेवली. पाहिलं.

पद्माने पदर शोधला. पदराजवळ, काठापासून चार बोटांवर, रफू असणार होतं. लग्नानंतरच्या त्या पहिल्या संक्रांतीला टांग्यातून उतरताना साडी खिळ्याला अडकून फाटली होती. सासूबाईंना कळू नये म्हणून तिने त्याच दुपारी गुपचूप रफू केलं; पण काळा दोरा घरात नव्हता, या घरात काळा दोरा कधीच नसायचा. म्हणून पांढऱ्या दोऱ्याने केलं आणि वरून पेनाच्या शाईने रंगवलं. त्यानंतर ती साडी तिने कधी पाण्यात घातली नाही. शाई जाईल म्हणून. नेसायची वर्षातून एकदा. उन्हात टाकायची, झटकायची, घडी घालायची.

रफू सापडलं. करंगळीच्या नखाएवढं. पांढरंशुभ्र.

तिने ते बोटाने चोळून पाहिलं. मग हातातलं ब्लेड बाजूला ठेवलं. सिद्धता तिला नको होती, पण मांडणी आपोआप होत गेली. साडी आपण कधी धुतली नाही. साडी धुतलेली आहे, आणि तीही गोधडीत जाण्याआधी; आत असताना धुतली गेली असती, तर शेजारच्या फिकट पातळावर शाईचा डाग उतरला असता. सासूबाईंना शेवटची दोन वर्षं पाण्यात हात घालू दिला नव्हता. म्हणजे साडी मंजिरीने धुतली, इस्त्री केली, सासूबाईंच्या हातात दिली. जसं ती म्हणाली होती तसंच, शब्दन्‌शब्द.

आणि त्यापुढची पायरी अशी, की ज्या जानेवारीत पद्मा चाळीस बायकांसमोर ते वाक्य बोलली, त्या रात्रीही ती हीच साडी पांघरून झोपली होती.

"आईला बहुतेक वाटलं असेल," भालचंद्र हळूच म्हणाले, "की घरातलं सगळ्यांत उबदार कापड हेच. तुला द्यावं."

"विचारायचं तरी होतं."

"ती विचारायची अवस्था होती का?" मग ते म्हणाले, "आणि आपण तरी कुठे आत बघितलं."

यातलं 'आपण' त्यांनी सौजन्याने घातलं होतं, हे दोघांनाही कळलं.

दोन दिवस पद्माने साडी धुऊन वाळत घातली. एवढ्या थंडीत सुती साडी वाळायला दोन दिवस लागतात, असं ती स्वतःशी म्हणाली. त्या दोन दिवसांत तिने सगळे मार्ग तपासून पाहिले. पहिला, काही न बोलता वीस चौकोन कापायचे आणि गोधडी पाठवून द्यायची. साडीला हजार काळ्या कापडांसारखा काळा रंग होता, कोण ओळखणार? पण उन्नती ती नेसली होती आणि मंजिरीने ती हाताने धुतली होती. धुतलेलं कापड बाई विसरत नाही. दुसरा मार्ग, साडी पुन्हा आत शिवून टाकायची आणि बाळाला बाजारातली रजाई पाठवायची. हा मार्ग सर्वांत सोपा होता. त्यात जयेंद्रगंजाला जावंच लागत नव्हतं, आणि उरलेली वर्षंही तशीच काढता आली असती. बाड्यावर बँक होती. दाढेची सवय झाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने साडीची घडी पिशवीत टाकली, फिकट चौकोनांचा डबा वर ठेवला आणि चपला घातल्या.

"सोडायला येऊ?" भालचंद्रांनी विचारलं.

"नको. तुम्ही आलात तर मला तुमच्यामागे उभं राहता येईल."

चालत गेली. तेरा मिनिटं लागली. गुडघ्याने चकार शब्द काढला नाही.

दार मंजिरीने उघडलं. केस अर्धे पांढरे झाले होते आणि चष्मा लागला होता. पद्माच्या मनातली मंजिरी अजून त्रेचाळीसची होती. मग मंजिरी म्हणाली, "या वहिनी. उन्नती आंघोळीला गेली आहे. बाळ झोपलंय." आणि बाजूला झाली, पाहुण्यांसाठी होतात तशी.

पद्मा बसली नाही. पिशवीतून साडी काढून तिने टेबलावर ठेवली.

"सापडली," ती म्हणाली. "सासूबाईंनी माझ्या गोधडीत आत शिवली होती. मी अकरा... बारा हिवाळे पांघरली."

मंजिरीने साडीकडे पाहिलं. उचलली. पदर उलगडून पाहिला, आणि बोट बरोबर त्या रफूवर ठेवलं.

"दोनदा धुतली होती मी," ती म्हणाली. "पहिल्या पाण्यात निळा रंग निघाला. मला वाटलं, साडीचाच जातो आहे. वहिनींची साडी खराब केली म्हणून परत धुतली, मिठाच्या पाण्यात. यांचे दोन बनियन निळे झाले. तेव्हा हे पांढरं दिसलं."

"शाई होती. पेनाची."

"मला काय माहीत! तुम्ही साड्यांना शाई लावता."

पद्माने तोंड उघडलं.

"त्या दिवशी हळदीकुंकवाला मी जे बोलले," ती म्हणाली, "ते खोटं होतं. माझं चुकलं, मंजिरी."

मंजिरीने घडी पुन्हा घातली. सावकाश, काठाला काठ लावून.

"अकरा वर्षं लागली?"

"पेपर तपासायला उशीर झाला."

"उशीर!" मंजिरीला हसू आलं होतं, पण तिने ते तोंडावर येऊ दिलं नाही. "वहिनी, मी त्या साडीसाठी या घरातल्या सगळ्या बॅगा तीन वेळा उपसल्या. मलाच वाटायला लागलं होतं, की मीच कुठे ठेवली असेन. नवरा म्हणायचा, नवीन घेऊन दे आणि मिटव. मी म्हटलं, न नेलेली वस्तू परत कशी देऊ?"

पद्मा उभीच होती. आतून पाण्याचा आवाज थांबला आणि उन्नती केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. काकूला पाहून ती दारातच थांबली, मग टेबलाकडे तिचं लक्ष गेलं.

"अगं, ही तर माझी!" ती म्हणाली. "म्हणजे तुझी. कुठे होती?"

"तुझ्या काकूच्या अंगावर," मंजिरी म्हणाली. "आणि आणलीत कशाला, वहिनी? नेसायला की दाखवायला?"

"कापायला," पद्मा म्हणाली, आणि डबा उघडला. "बाळाची गोधडी. मधल्या चौकोनाला गडद हवं होतं. माझ्याकडे सगळंच फिकट आहे."

"ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे," मंजिरी म्हणाली.

चौकोन टेबलावर मांडले गेले. उन्नतीने हात पुसून मोबाइलने फोटो काढायचा प्रयत्न केला, दोघींनी तिला एकदमच "केस पूस आधी" म्हटलं. पद्माने कात्री काढली, तर मंजिरीने ती बाजूला सारली. "कात्री कशाला? सुती आहे. फाडलं की दोऱ्याला दोरा सरळ जातो. बरोबर साडेतीन बोटांवर..."

"इंच."

"इंच. धरा तिकडचं टोक."

पद्माने धरलं. मंजिरीने दातांनी कडेला चीर दिली आणि दोघींनी ओढलं. फर्रर्र आवाज करत पट्टी सरळ सुटली, भूमितीच्या पट्टीलाही लाजवील इतकी सरळ. आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं.

"जा, घे तिला," मंजिरी पट्टीची घडी घालत पद्माला म्हणाली, उन्नतीला नाही.

पद्मा आत गेली. बाळ मोबाइलमध्ये दिसायचं त्याहून बरंच लहान होतं आणि बरंच रागीट. तिने उचललं, छातीशी धरलं, आणि बाहेर यायला तिला थोडा वेळ लागला.

बाहेर आली तेव्हा मंजिरीने वीस चौकोन मोजून वेगळे ठेवले होते. त्यातल्या एकावर पांढरं रफू होतं.

"हा बाद," पद्मा म्हणाली. "दुसरा काढू. डाग दिसेल."

"हाच मधोमध लागेल," मंजिरी म्हणाली. "अगदी मधल्या ब्लॉकच्या मध्ये."

"वीस ब्लॉकांना मध्य नसतो गं. चार गुणिले पाच. पंचवीस केले तर..."

"मग पंचवीस करा. कापड भरपूर आहे. पाच आणखी फाडते." तिने पुढची पट्टी फाडायला घेतली. "ऐका वहिनी. तुम्ही चाळीस जणींसमोर बोलला होतात. त्यातल्या सहा वारल्या, तीन मुलांकडे पुण्याला गेल्या. उरलेल्या सगळ्यांना मी बोरन्हाणाला बोलावलं आहे. हा पांढरा डाग बघून प्रत्येक जण विचारणार, हे काय. मी काहीच सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

पद्माने बाळाच्या पाठीवर थोपटत हिशेब केला. एकतीस.

"सगळ्यांना एकदम सांगितलं तर?"

"एकेकीला," मंजिरी म्हणाली.

पुढचे बारा दिवस पद्मा रोज दुपारी जयेंद्रगंजात गेली. अर्धे ब्लॉक मंजिरीने शिवले. तिचे टाके लांब पडायचे आणि शिवण पाव इंचाऐवजी मनाला येईल तेवढी, त्यामुळे पंचवीस ब्लॉक एकमेकांना कोपऱ्यांत कुठेच नेमके भेटले नाहीत. पद्माने दोनदा उसवून द्यायची तयारी दाखवली. मंजिरीने दोन्हीदा चहा टाकला. हर्षिताने तयार गोधडीचा बिनारंगाचा फोटो काढला आणि म्हणाली, "काकी, आता दिसतं बघा! फीके पण दिसतात, डार्क पण. कोपरे जरा..."

"कोपऱ्यांचं बोलू नकोस," पद्मा म्हणाली. "ती तिची बाजू आहे."

संक्रांतीला बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून गोधडीवर, मधल्या चौकोनाच्या शेजारी, निजवलं. वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. बाळाने नाकावर पडलेल्या चुरमुऱ्याची डोळे तिरळे करून चौकशी केली. बायका कौतुकाने वाकल्या, आणि पहिलीनेच विचारलं, "अगं बाई, गोधडी किती छान! पण हे मध्ये पांढरं काय गं?"

पद्माने सांगितलं. दुसरीला सांगितलं. तिसरीला सांगितलं, तेव्हा उन्नतीने पाणी आणून दिलं. पाचवीपासून गोष्टीला थोडी शिस्त आली, काय आधी आणि काय मग. आठवीला टांगा आवडला, म्हणून नववीला टांगा थोडा वाढवून सांगितला. भालचंद्र दाराशी गजक वाटत होते. ते प्रत्येक वेळी जरा अलीकडे सरकून ऐकायचे.

अकरावी बाई ऐकू कमी येणारी निघाली. तिला पद्माने मोठ्याने सांगितलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, की साडी मंजिरीने केव्हाच परत केली होती, धुऊन.

"दोनदा धुऊन," स्वयंपाकघराच्या दारातून मंजिरी म्हणाली.

"दोनदा," पद्मा म्हणाली. "मिठाच्या पाण्यात." आणि बारावीकडे वळली.